कापसाचा मर रोग व प्रतिकारक वाण

मर हा देशी कापसावरील मृदाजन्य कवकरोग आहे. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या कवकाचा कापसावर वाढणारा प्रकार मुळांतून शिरून जलवाहिन्यांत वाढतो; त्यामुळे पाने पिवळी पडून झाड वाळते. खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. अमेरिकेत हा रोग मुख्यतः हलक्या, आम्लधर्मी जमिनींत, तर भारतात भारी, काळ्या, अल्कधर्मी जमिनींत आढळतो. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्याची पूर्णाकाठची जमीन याच दुसऱ्या प्रकारची आहे. कवक मृदेत वर्षानुवर्षे टिकून राहतो व औषधे तेथपर्यंत परिणामकारकपणे पोहोचत नाहीत. म्हणून बियाण्यातील प्रतिकारशक्ती हाच मुख्य उपाय ठरला.

या कवकाचे वर्णन ॲटकिन्सन यांनी १८९२ मध्ये अमेरिकेत केले. १८९९ च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनातील शेतकरी रिव्हर्स यांनी रोगग्रस्त शेतात तगलेल्या झाडाचे बी राखले. ऑर्टन यांनी ही निवड पद्धती शास्त्रीय पायावर उभी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांत व वऱ्हाडात कृषी खात्याने बुरी या अमेरिकी जातीच्या कापसाचा प्रसार केला, कारण त्यास मर लागत नसे. तथापि देशी कापसाची जागा तो घेऊ शकला नाही.

देशी कापसातच प्रतिकारशक्ती शोधणे अधिक कठीण होते. शेतात निरोगी राहिलेले झाड प्रतिकारक असतेच असे नाही. रोगाच्या तडाख्यातून ते केवळ निसटलेलेही असू शकते. मुंबई इलाख्यात जी. एस. कुलकर्णी, बी. एन. उप्पल प्रभृतींनी कवकयुक्त मृदेत, अनुकूल तापमान राखून रोपांची कसोटी घेतली व ही अनिश्चितता दूर केली. जयवंत, विजय, जरिला हे प्रतिकारक वाण त्या काळातील होत. खानदेशातील जरिला पुढे वऱ्हाडातही पसरला.

संकरित कापूस (१९७०) व बीटी कापूस (२००२) यांच्या प्रसारानंतर देशी कापसाचे क्षेत्र फार घटले. अमेरिकी कापसास भारतातील हा कवक सहसा बाधत नाही. म्हणून मर मागे हटला तो मुख्यतः पीक बदलल्यामुळे, कवक नष्ट झाल्यामुळे नव्हे. संकरित कापसात पावसाच्या ताणानंतर भरपूर पाणी मिळाल्यास दिसणारी आकस्मिक मर ही कवकजन्य नसून शरीरक्रियात्मक विकृती आहे. तीवर प्रतिकारक वाणांचा हा उपाय लागू पडत नाही. खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने सिंचनास मर्यादा पडतात. अशा कोरडवाहू जमिनीत देशी कापूस पुन्हा लावताना जुन्या प्रतिकारक वाणांचे जतन व स्थानिक मृदेत त्यांची नव्याने कसोटी अगत्याची ठरते.