पंधरा वर्षे विचारून काढलेला नकाशा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी गाडी घेऊन कोकणात निघालो होतो. फोनवरच्या नकाशाने जवळचा रस्ता दाखवला, तो धरला आणि दहा-बारा किलोमीटरवर खचलेल्या मोरीपाशी येऊन थांबलो. टपरीवरचे चाचा म्हणाले, "पावसाळ्यापासून बंद आहे. आधी कुणाला तरी विचारायचं ना!" गाडी वळवताना मला अल्-इद्रीसी आठवला.

बाराव्या शतकातला हा अरब भूगोलतज्ज्ञ सिसिली बेटावर पालेर्मोच्या दरबारात काम करत होता. तिथला राजा दुसरा रॉजर हा नॉर्मन ख्रिस्ती. त्याआधी सुमारे दोन शतके बेटावर मुस्लिम सत्ता होती, त्यामुळे दरबारात अरबी, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा चालत. रॉजरला जगाची नीट माहिती हवी होती: कोणते शहर कुठे आहे, तिथे काय पिकते, एका गावाहून दुसरे किती अंतरावर आहे.

कामाची आखणी पाहण्यासारखी आहे. आधी जुने ग्रंथ काढले. त्यांत ग्रीक टॉलेमी होता, अरबी लेखकही होते. पण ग्रंथांचा आपसात मेळ बसेना. मग प्रवासी बोलावले. त्यांना कधी एकत्र, कधी एकेकटे गाठून तेच प्रश्न विचारले. ज्यावर सर्वांचे एकमत झाले ते ठेवले, ज्यावर झाले नाही ते बाजूला सारले. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले. जमलेली माहिती आधी फळ्यावर मांडून तपासली आणि मगच चांदीच्या मोठ्या तबकडीवर कोरली. सोबतचा ग्रंथ 'नुज़हतुल मुश्ताक़' इ.स. ११५४ मध्ये, म्हणजे हिजरी ५४८ मध्ये पुरा झाला. सात इक्लीम, प्रत्येकाचे दहा भाग, असे ७० नकाशे. त्यांत दक्षिण वर आणि उत्तर खाली. अंतरे मैलांत आणि दिवसाच्या वाटचालीत दिली आहेत. आपण मराठीत 'मजल दरमजल' म्हणतो, ती मजल अरबी 'मंज़िल'चीच. चांदीची तबकडी आज नाही, पण ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती ऑक्सफर्ड आणि पॅरिसला जपलेल्या आहेत.

या ग्रंथात आपले ठाणे आहे, सोपारा आहे. पण नकाशात हिंदुस्थानचे दक्षिण टोक जवळपास दिसतच नाही आणि श्रीलंका मात्र भलतीच मोठी झाली आहे. भूमध्य समुद्राभोवतीचा मुलूख त्यामानाने बराच नीट उतरला. कारण उघड आहे. तिथली माणसे पालेर्मोच्या बंदरात रोज उतरत होती. आपल्या किनाऱ्याची माहिती अनेक तोंडांतून फिरून गेली होती.

फोनवरचा नकाशाही असाच चालतो. रस्त्यावरच्या हजारो फोनांचा वेग पाहून तो गर्दी ओळखतो, म्हणजे न बोलता सगळ्यांना विचारतो. जिथे विचारायला कुणी नाही, त्या आडवाटेवर तो जुनीच माहिती सांगत राहतो. आमची मोरी त्यातलीच.

हे लिहायला आणखी एक कारण आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'जगाचा पहिला नकाशा मुसलमानांनी बनवला' असा फिरता संदेश मला मोठ्या अभिमानाने दाखवला. त्याला सांगावे लागले की बेटा, हे खरे नाही. इद्रीसीच्या हजार वर्षे आधी टॉलेमी होऊन गेला आणि इद्रीसीने त्याचा आधार घेतला. इद्रीसीचा आश्रयदाता ख्रिस्ती होता. मुलाचा चेहरा उतरला. माझ्या मते उतरायला नको होता. ग्रीकांचे वाचायचे, ख्रिस्ती राजाच्या पदरी राहायचे, आणि तरीही ऐकीव गोष्ट दुसऱ्या तोंडून तपासल्याशिवाय लिहायची नाही, यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. तपासल्याविना संदेश पुढे ढकलणारे आपण मात्र त्या इद्रीसीचे नाव घेतो!

त्या मुलाच्या वर्गाला मी आता एक प्रकल्प दिला आहे. शाळेपासून आपल्या मोहल्ल्यापर्यंतचा नकाशा काढायचा. फोन बघायचा नाही. प्रत्येक वळण किमान तीन माणसांना विचारायचे आणि तिघांचे जुळले तरच शाईने काढायचे. बाकीचे पेन्सिलीने.

पहिल्या आठवड्यात आलेले निम्मे नकाशे पेन्सिलीचे आहेत. मला ते आवडले.