मंगळावरच्या बाष्पाचा हिशेब

मंगळावरच्या पाण्याचा इतिहास बहुधा कालव्यांपाशीच रेंगाळतो. १८७७मध्ये स्कियापरेल्ली यांनी पाहिलेल्या ‘कानालीं’चे इंग्रजीत ‘कालवे’ झाले आणि लॉवेल यांनी ते खोदणारी संस्कृतीही कल्पिली. मला मात्र विल्यम कॅम्बेल अधिक महत्त्वाचे वाटतात. १८९४मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत त्यांनी मंगळ आणि चंद्र यांचे वर्णपट ताडून पाहिले. चंद्रावर हवा नाही. त्याच्या वर्णपटातील बाष्परेषा पृथ्वीच्याच हवेच्या. मंगळावर पुरेसे बाष्प असते, तर तिथे त्या अधिक ठळक उमटल्या असत्या. तशा उमटल्या नाहीत. १९०९मध्ये ते माउंट व्हिटनीच्या विरळ, कोरड्या हवेत गेले; उत्तर तेच आले. १९६५मध्ये मरिनर-४च्या छायाचित्रांत विवरे होती, कालवा एकही नव्हता. पाणी शोधणाऱ्यांच्या यादीत ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्या कॅम्बेल यांचे नाव मी आधी लिहीन.