टस्कीगीचा प्रयोग आणि संमतीचे तत्त्व

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी हे गाव आहे. त्याच्या परिसरात १९३२ साली सरकारी आरोग्यसेवेने एक पाहणी सुरू केली. तिच्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले गेले. त्यांतले बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे गरीब लोक होते. ३९९ जणांना उपदंश झालेला होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न मिळाल्यास हा रोग शरीरात कसा पसरतो, एवढेच पाहायचे होते. रुग्णांना मात्र 'तुमचे रक्त खराब आहे' असे मोघम सांगण्यात आले. पाठीतले पाणी काढण्याची वेदनादायक तपासणीही 'खास मोफत उपचार' म्हणून उरकली गेली. अंत्यविधीसाठी पैसे देऊ केले होते, पण त्याबदल्यात शवविच्छेदनाला मान्यता द्यावी लागे.

१९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरचे सर्वमान्य औषध झाले. या माणसांना ते मिळू दिले गेले नाही. त्याच वर्षी न्यूरेंबर्गला अमेरिकी न्यायाधीशांनी नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल दिला. २३ आरोपींपैकी १६ दोषी ठरले आणि सात जणांना फाशी झाली. निकालातील दहा कलमांपैकी पहिलेच कलम सांगत होते की, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे. त्यानंतर टस्कीगीचा प्रयोग आणखी पंचवीस वर्षे चालला, ही या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. आरोग्यसेवेतील पीटर बक्स्टन या तरुण कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे आक्षेप नोंदवले. ते फेटाळले गेले. अखेर जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी ही हकिकत छापली, तेव्हा प्रयोग थांबला.

या प्रकरणानंतर अमेरिकेत झालेल्या १९७४ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन तत्त्वे मांडली होती. पहिले व्यक्तीचा आदर: माणसाला खरी माहिती द्यावी, ती त्याला समजली आहे याची खात्री करावी आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. दुसरे हितकारिता: धोका आणि लाभ यांचा तोल पाहणे. तिसरे न्याय, आणि टस्कीगीची आठवण सर्वांत तीव्रतेने याच तत्त्वात उमटली आहे. गरीब आणि हतबल माणसे सहज हाती लागतात म्हणून संशोधनाचे ओझे त्यांच्यावरच लादू नये, असे ते सांगते. त्याच वर्षी बोशँप आणि चिल्ड्रेस या अभ्यासकांच्या ग्रंथाने स्वायत्तता, अहित न करणे, हित साधणे व न्याय अशी चार तत्त्वांची मांडणी रूढ केली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये मानवी संशोधनाविषयीचे आपले धोरण जाहीर केले. पुढे २०१७ पर्यंत त्यात वेळोवेळी भर पडली. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, ती व्यक्ती निरक्षर असल्यास संमतीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर असावा, असे ही मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

टस्कीगीतील माणसांची सरकारने जाहीर माफी मागितली ती मे १९९७ मध्ये. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती मागितली, तेव्हा सहभागींपैकी मोजकेच वृद्ध हयात होते.