माथेरानवरील जुने बंगले व त्यांचें खरें मोल

आपल्या पनवेलच्या पूर्वेस, प्रबळगडापलीकडे, माथेरानचा डोंगर आहे. इ. स. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गांवाहून तेथें चढले आणि थंड हवेनें संतुष्ट होऊन त्यांनीं पुढें घर बांधिलें. १८५२ त कॅप्टन बार यांचा बंगला झाला. मागाहून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनींही तेथें निवासस्थान केलें, व मुंबईच्या इंग्रज, पारशी आणि बोहरा धनिकांचे बंगले झाडींत उभे राहिले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांची नेरळची छोटी आगगाडी १९०७ त सुरू झाली. तत्पूर्वीं सारें सामान मजुरांच्या डोक्यावरून व जनावरांच्या पाठीवरूनच वर जात असे.

या घरांची प्रत्येक खूण सहेतुक आहे. जांभा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. म्हणून भिंती त्याच्या. रुंद पडवी ऊन व पाऊस भिंतीपासून दूर ठेविते. उंच छताखालचे झरोके उष्ण हवा बाहेर सोडितात. धूर व आगीचें भय टळावें म्हणून स्वयंपाकघर निराळें. अनेक छपरांवर मंगळुरी कौलें आहेत. त्यांचा पहिला कारखाना बासेलच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं १८६५ त मंगळुरास काढिला.

असे बंगले विक्रीस निघतात. वारस पुष्कळ, पण राहणारा कोणी नाहीं, अशी कित्येकांची स्थिति असते. चार महिन्यांचा पाऊस. एक कौल सरकलें कीं वासा कुजतो, आणि वासा गेला कीं भिंतही जाते. घेणारानें हेंही जाणावें कीं, तेथील पुष्कळ भूमि सरकारी भाडेपट्ट्याची आहे, व २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरल्यामुळें तेथें मनास येईल तसें बांधतां येत नाहीं. हा निर्बंध अडचणीचा वाटला, तरी जुन्या घरांस तोच आधार आहे.

भूमीच्या मोलाविषयीं गव्हाणच्या रहिवाशांस निराळें सांगणें नलगे. १९७० त सिडको स्थापन झाली; नव्या मुंबईसाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें; आणि योग्य मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ त जासई-नवघर भागांत पांच जणांनीं प्राण दिले. जमिनीचा भाव कागदावर लिहितां येतो. परंतु आजोबांनीं घडविलेली चौकट, आजीनें सारविलेली ओटी, यांचा भाव कोणत्या दस्तांत लिहावा?

म्हणून एवढीच विनंति: जुनें घर विकण्याचा प्रसंग आलाच, तर आधीं त्याचीं छायाचित्रें घ्या, बांधल्याचें वर्ष व बांधणाऱ्या गवंडी-सुतारांचीं नांवें वृद्धांस विचारून लिहून ठेवा. घर गेलें तरी त्याची ओळख मुलांच्या हातीं राहील.