घोड्याचा पाय, शिलेदाराची भाकरी

शिरूरला जुनी माणसे अजून ‘घोडनदी’ म्हणतात. याच तालुक्यात आलेगावच्या नावाला ‘पागा’ चिकटलेली आहे. इकडे भीमाकाठचे दौंड इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि भीमथडी म्हटले की मराठी माणसाला तट्टू आठवते. या तट्टांनी मारलेल्या मजला बखरकारांनी लिहिल्या. त्यांतले किती लंगडत परतले आणि मग त्यांचे काय झाले, हे मात्र आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत नाही.

मराठी फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा अधू झाला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराच्या घोड्याचा पाय गेला तर चाकरीच गेली. 1817 च्या पुणे तहानंतर इंग्रजांनी जे घोडदळ उभारले, त्याचा तळ पुढे शिरूरला राहिला आणि त्यातही हीच शिलेदारी पद्धत होती. मुसलमान स्वार दोन्हीकडे होते. अशा रिसाल्यांत घोडा गमावलेल्याला आधार म्हणून सर्वांच्या वर्गणीचा ‘चंदा’ असे. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघालेल्या तुकडीबरोबर अडीच-तीनशे स्वार होते आणि सकाळी ते कोरेगावला पोचले. त्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्या रात्रीच्या सुमारे 40 किलोमीटर वाटेवरचे खूर ऐकू येतात.

आपल्या टाचेमागच्या शिरेला मराठीत ‘घोडशीर’ म्हणतात. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. हाडे आणि दोरासारख्या शिरा. भरधाव पळताना सगळा भार तिथे येतो. शीर दुखावली की पाय गरम होतो, फुगतो, आणि तिला रक्तपुरवठा कमी असल्याने ती फार हळू भरते. भरलेली जागाही पहिल्याइतकी लवचीक राहत नाही.

यावर सालोतरी डाग देत. ‘सालोतरी’ हा शब्द संस्कृत शालिहोत्रावरून आला आणि फारसी-उर्दूत असा मुरला की परका वाटत नाही. उर्दूचे रंगीन (1757–1835) आम्ही वर्गात रेख्तीसाठी शिकवतो. त्यांनी ‘फरसनामा’ही लिहिला, हे मुलांना सांगायचे राहून जाते. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांच्या शुभाशुभाला त्यात केवढी जागा! तापल्या लोखंडाचा डाग तर विलायतेतही विसाव्या शतकात चालू होता. 1983 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून दाखवले की डागाने शीर बरी होत नाही. गुण येई तो डागानंतर सक्तीने मिळालेल्या विश्रांतीचा. नाव सालोतऱ्याचे झाले, काम मोतद्दाराने केले.

आणि नालबंदाने. खुराचा पुढचा भाग वाढून टाच खचली की शिरेवर ताण येतो. तो तासून समतोल करणे हे त्याचे कसब. हजेरीपटावर नालबंद आडनाव आले म्हणून आम्ही एकदा अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, “पंक्चर काढणारे.” वडिलांचे दुकान तेच आहे.

आजचे पशुवैद्य सांगतात ती रीतही धीराचीच आहे. आधी थंड पाणी, पट्टी, बांधून विश्रांती. नदीकाठच्या पागेला वाहते पाणी तर दारातच. मग हातात दोरी धरून सपाट जमिनीवर काही मिनिटे चालवणे. दर आठवड्याला थोडी वाढ. खोगीर घालून स्वार बसला तरी बरेच दिवस नुसती कदम चाल. दुडकी साधारण तीन-चार महिन्यांनी, तीही सरळ रेषेत, गोल रिंगणात नाही. भरधाव सोडायला नऊ महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. शिलेदाराला एवढा वेळ कोण देणार? घोडा दुखायचे थांबल्यावर चांगला दिसतो, उड्या मारतो, आणि शीर आत अजून कच्चीच असते. घाई करणाऱ्याचा घोडा तिथेच पुन्हा मोडतो.

म्हणून प्रत्येक वाढीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे, खरारा करण्याआधी, दोन्ही पायांवरून तळवा फिरवायचा. दुखावलेला पाय दुसऱ्यापेक्षा ऊन लागला तर खोगीर खुंटीला, आणि मोजणी पुन्हा मागच्या आठवड्यापासून.