किरण रोज थोडेच का देतात?

११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, नवी मुंबईतील राष्ट्रीय हॅड्रॉन किरणोपचार सुविधा देशाला अर्पण करण्यात आली. तेथील प्रोटॉनचा झोत आपली बहुतांश ऊर्जा शरीरात ठरावीक खोलीवर सोडतो. यंत्र नवे, पण एक रीत मात्र शंभर वर्षांची आहे. किरणांची मात्रा सहसा एकदम दिली जात नाही. प्रचलित पद्धतीत रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे उपचार चालतात. दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णाला तितके दिवस परक्या शहरात काढावे लागतात. या रीतीचे कारण मात्र ती रूढ झाल्यावर काही दशकांनी उमगले.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. नराचे शुक्रजनन कायमचे थांबवण्याइतकी मात्रा एकदम दिली, तर वरची त्वचाही होरपळे. विभागून दिली, तर त्वचा वाचे आणि हेतूही साधे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच पद्धत घशाच्या कर्करोगावर वापरली. यश आले, पण त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते.

दुसरे कोडे ऊर्जेचे होते. संपूर्ण शरीरावर ४ ग्रे मात्रा पडली आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसे दगावतात. मात्र एवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढते. गरम चहाच्या एका घोटातही तितकी उष्णता असते. तेव्हा प्रश्न ऊर्जा किती, याचा नसून ती नेमकी कोठे पडते, याचा होता.

१९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांमुळे फळमाशीच्या जनुकांत बदल होतात, हे दाखवले. १९५३ मध्ये डीएनएची दुपदरी रचना उलगडली आणि घावाची जागा हळूहळू स्पष्ट होऊ लागली. पेशीत बहुतांश पाणीच असते. किरणांनी उसळलेले इलेक्ट्रॉन पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून हायड्रॉक्सिल हे अतिक्रियाशील मूलक जन्मते. त्याचे आयुष्य क्षणभंगुर, धाव काही नॅनोमीटरची; पण तेवढ्या अंतरात डीएनए असला, तर तो तुटतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या डीएनएच्या हानीपैकी सुमारे दोन तृतीयांश हानी अशी पाण्यामार्फत होते. उरलेली थेट आघाताने.

१ ग्रे मात्रेत एका पेशीतील डीएनएचा एखादा पदर सुमारे १,००० ठिकाणी तुटतो. या तुटी पेशी समोरच्या पदराचा नमुना पाहून सहज सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याचे प्रकार अवघे तीस-चाळीस. पण घातक ठरतात ते हेच. तुटकी टोके भलतीकडे जोडली गेली, तर पेशी पुढच्या विभाजनांत मरते.

१९५६ मध्ये थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी वाढत्या मात्रेबरोबर किती मानवी पेशी तगतात, हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले. १९५९ मध्ये मॉर्टिमर एल्काइंड आणि हॅरिएट सटन यांनी तीच मात्रा काही तासांच्या अंतराने दोन भागांत दिली, तेव्हा अधिक पेशी वाचल्या. मधल्या वेळेत त्या स्वतःची दुरुस्ती करत होत्या. निरोगी ऊती या उसंतीचा लाभ अनेक गाठींपेक्षा अधिक घेतात. रेगोंच्या मेंढ्यांची त्वचा का वाचली, याचा मोठा उलगडा येथे झाला.

याच हिशोबाने आता भेटी कमीही करता येतात. एका वेळची मात्रा वाढवली, तर एकूण मात्रा घटवावी लागते. ब्रिटनमधील फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाच्या प्राथमिक कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ भेटींत ४० ग्रे देण्याऐवजी एका आठवड्यात ५ भेटींत २६ ग्रे दिले, तरी पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. प्रत्येक कर्करोगाला हे लागू पडत नाही. जेथे पडते, तेथे गावाहून आलेली बाई तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात घरी परतू शकते.