महाकणशोधकांतील वायुव्यवस्था : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कणभौतिकीचा इतिहास प्रामुख्याने नव्या कणांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हे शोध ज्या उपकरणांमुळे शक्य झाले, त्यांतील नळ्या, पंप व वायुमिश्रणे यांची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्तुतः विद्युतभारित कण वायूतून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे करतो आणि त्यांपासून मिळणारा विद्युतसंकेत हाच त्या कणाचा पुरावा असतो. वायूचा दर्जा बिघडल्यास पुरावाच अविश्वसनीय ठरतो. म्हणून वायुपुरवठ्याचा इतिहास अभ्यासणे अगत्याचे आहे.

वायुशोधकांचा विकास :
१९२८ मध्ये गायगर व म्युलर यांनी विकसित केलेली गणकनळी आकाराने लहान होती. तीत थोडासा वायू कायमचा बंद करून ठेवता येई. १९६८ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत जॉर्ज शार्पाक यांनी बहुतारी प्रमाणी कक्ष तयार केला. या कार्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये इटलीतील सांतोनिको व कार्दारेल्ली यांनी रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर (आरपीसी) हा तुलनेने स्वस्त शोधक मांडला. त्यामुळे हजारो चौरस मीटर क्षेत्र व्यापणे शक्य झाले. परंतु एवढ्या विस्तारात वायू सतत खेळता ठेवणे हे स्वतंत्र शास्त्र बनले.

महाशोधकातील रचना :
सर्नचा लार्ज हेड्रॉन कोलायडर २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यावरील प्रयोगांसाठी सुमारे ३० वायुव्यवस्था उभारण्यात आल्या. मिश्रण, वितरण, पुनराभिसरण, शुद्धीकरण व पृथक्करण असे त्यांचे समान घटक ठरविण्यात आले. मिश्रण भूपृष्ठावर तयार होते आणि सुमारे १०० मीटर खोल असलेल्या शोधकापर्यंत नळ्यांनी पोहोचते. आरपीसीच्या मूळ मिश्रणात सुमारे ९५ टक्के टेट्राफ्लोरोइथेन (आर-१३४ए), सुमारे ५ टक्के आयसोब्युटेन आणि ०.३ टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड असे. पहिला मुख्य वायू, दुसरा अनावश्यक प्रकाशकण शोषणारा, तर तिसरा विद्युतस्फुरण आवरणारा. बेकेलाइटच्या पट्ट्या कोरड्या पडून त्यांचा रोध वाढू नये म्हणून मिश्रणात बाष्पही मिसळावे लागते. सीएमएस प्रयोगासाठी अशा आरपीसींच्या उभारणीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही सहभाग होता.

खर्चाकडून पर्यावरणाकडे :
वायू पुन्हा वापरण्याची पद्धत प्रथम मुख्यतः काटकसरीतून रुजली. अॅटलास प्रयोगातील एका शोधकात महागडा झेनॉन वापरला जाई. गळती वाढल्यावर काही भागांत त्याऐवजी आर्गॉन भरावा लागला. पुढे प्रश्नाचे स्वरूप बदलले. मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांतून परिचित असलेल्या आर-१३४एची तापवृद्धिक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट, तर सल्फर हेक्झाफ्लोराइडची २२,००० पटींहून अधिक आहे. त्यामुळे पुनराभिसरण असूनही नळ्यांच्या जोडांतील बारीक गळती गंभीर ठरली. २०१८ मध्ये सर्नचे प्रत्यक्ष उत्सर्जन सुमारे १ लाख ९२ हजार टन कार्बन डायऑक्साइडइतके होते आणि त्यातील मोठा वाटा फ्लोरिनयुक्त वायूंचा होता. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने व युरोपीय निर्बंधांनी या वायूंच्या उपलब्धतेवरही मर्यादा आणली. २०२३ मध्ये अॅटलासच्या आरपीसींत मुख्य वायूचा सुमारे ३० टक्के भाग कार्बन डायऑक्साइडने बदलण्यात आला. मात्र मिश्रण बदलले की शोधकाची कार्यक्षमता व आयुर्मान पुन्हा तपासावे लागते.

निष्कर्ष :
वायुव्यवस्था ही केवळ पूरक सोय नसून मापनाचा आधार आहे, हे या आढाव्यातून स्पष्ट होते. बंद नळीपासून पुनराभिसरणापर्यंतच्या प्रवासात प्रथम विस्ताराची, नंतर खर्चाची आणि शेवटी पर्यावरणाची अट निर्णायक ठरली. निसर्गाचे मूलभूत नियम शोधणाऱ्या विज्ञानाला स्वतःच्या उत्सर्जनाचाही हिशेब द्यावा लागतो, हाच या इतिहासाचा महत्त्वाचा बोध होय.